फर्मवेअर टाकल्यापासून मीटर पागल झाला? आधी घड्याळ बघा, मग अपडेटला शिव्या द्या

प्रॉब्लेम आधीच सांगून टाकतो, ज्याचा हाच असेल त्यानं समोर वाचावं. मीटर म्हणजे मल्टिमीटर, व्होल्ट-ओहम मोजतो तो, ऑटोरेंजचा (रेंज स्वतःच निवडतो), ६००० काउंटचा (आकडा साधारण ६००० पर्यंत जातो, मग समोरची रेंज), ट्रू आरएमएस, ब्लूटूथवाला. एप्रिलच्या शेवटी ॲपनं विचारलं नवीन फर्मवेअर, म्हणजे मीटरच्या आतला प्रोग्राम, आलंय, टाकू का, मी म्हटलं टाक. सहा-सात मिनिटं लागली, मीटर बंद होऊन परत चालू झाला, सगळं नीट. अन् मेच्या पहिल्या आठवड्यापासून दुपारची रीडिंगं भलतीच यायला लागली. १० मेगाओहमचा रेझिस्टर सकाळी १०.०२ दाखवायचा तो दुपारी ९.६ वर, कधी ९.५, आकडा थांबायलाच तयार नाही. बॅटरीचं व्होल्टेज दुपारी कमी. नॉबला नुसता हात लागला की आकडा उडी मारतो. कंटिन्युइटीचा बीप, म्हणजे वायर सलग आहे हे सांगणारा, तो उशिरा. आता कोणालाही विचारा, तो म्हणेल अपडेटनंच बिघडवलं, मी पण तेच म्हणत होतो, चांगले तीन आठवडे म्हणत होतो.

चारपैकी तीन तक्रारींचा अपडेटशी काही संबंध नव्हता. चौथीचा होता.

माझं काम म्हणजे इन्व्हर्टर, यूपीएस अन् सोलरच्या चार्ज कंट्रोलरचे बोर्ड दुरुस्त करायचं. मानेवाड्याकडे घराच्याच वरच्या मजल्यावर खोली आहे, वर टिनाचं शेड, ज्यानं नागपूरचा मे पाहिलाय त्याला टिनाच्या खोलीबद्दल वेगळं काय सांगू. टेबलाच्या डावीकडं खिडकी अन् खिडकीत कूलर, त्याची हवा सरळ टेबलावर, म्हणजे सरळ मीटरवर. हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

संध्याकाळी एक पोट्टा येतो हाताखाली, डिप्लोमा करून राहिला, हुशार आहे पण घाई फार. तो म्हणे, भाऊ, जुनं फर्मवेअर टाकून देऊ ना परत, त्यात काय एवढं. ॲपमध्ये मागं जायचं बटनच नव्हतं, तर यानं कुठून तरी एक फाइल शोधून आणली, नाव मीटरच्या मॉडेलसारखंच, मागं एक अक्षर वेगळं. मी म्हटलं काहून बे, अन् मीटर मेला म्हणजे? तो गप्प. एकाच दिसणाऱ्या डब्यात कंपनी दोन वर्षांनी वेगळी चिप टाकते, बाहेरून कळत नाही, अन् दुसऱ्या चिपचं फर्मवेअर टाकलं की स्क्रीन कायमची कोरी. ती फाइल मी डिलीट करायला लावली.

मग एक दिवस जुनी वही हातात आली. मी रीडिंग मोबाईलमध्ये लिहीत नाही, शंभर पानी वहीत लिहितो, हात काळे असतात म्हणून. गेल्या वर्षीच्या मेचं पान, माझ्याच अक्षरात, "१ मेगाच्या वरचे सगळे कमी दाखवते. लीड बदलली, फरक नाही. उद्या पाहू." अन् खाली दुसऱ्या दिवशीची ओळ, "सकाळी ठीक." गेल्या वर्षी मीटरमध्ये कंपनीतून आलेलं मूळ फर्मवेअर होतं, एक अपडेट मारलेला नव्हता. मी वही मिटली अन् पोट्ट्याला म्हटलं चहा सांग.

तिथून समोर मी जरा शहाण्यासारखं वागलो. चार दिवस, दिवसातून तीनदा, सकाळी आठ, दुपारी दोन अन् रात्री नऊ, त्याच वस्तू त्याच क्रमानं मोजायच्या. वस्तू कोणत्या, तर लीड (मीटरच्या टोकदार वायरी) एकमेकींना टेकवून म्हणजे शॉर्ट करून, मग १०० ओहम अन् १ मेगाओहमचे ०.१ टक्कावाले रेझिस्टर, १० मेगाओहमचा साधा १ टक्कावाला, अन् एडी ५८४ चिपचा रेफरन्स मॉड्यूल, म्हणजे ठरलेलं पक्कं व्होल्टेज देणारा छोटा बोर्ड, ज्यावर २.५, ५, ७.५ अन् १० व्होल्ट मिळतात. नागपूरच्या बर्डी बाजारात मोदी नंबरच्या गल्ल्यांमध्ये असलं सामान विचारत फिरलं की काही ना काही सापडतं, नाहीतर ऑनलाइन. या चिपचं व्होल्टेज गरमीनं फार हलत नाही, साध्या ग्रेडची पण एका अंशाला ३० पीपीएमच्या (दहा लाखांत ३० भाग) आसपास, म्हणजे खोली १५ अंशांनी तापली तरी १० व्होल्टमागं साधारण साडेचार मिलिव्होल्ट, अन् माझ्या मीटरच्या ६० व्होल्ट रेंजवर शेवटचा आकडाच १० मिलिव्होल्टचा आहे. म्हणजे मीटर तपासायला पुरेसा. सोबत एक स्वस्तातला तापमान-आर्द्रता दाखवणारा डबा ठेवला. सकाळी ३१ अंश अन् आर्द्रता २८ टक्के. दुपारी कूलर फुल, ३६ अंश अन् ६८ टक्के.

तो ६८ चा आकडा पाहून अर्धं उत्तर तिथंच मिळालं.

व्होल्टेज तर जवळपास हललंच नाही. सकाळी २.५०१, ५.००३, ७.५०, १०.०१, दुपारी २.५०३, ५.००६, ७.५१, १०.०१. १०० ओहम पण ठीक, लीडचे ०.२-०.३ ओहम रिलेटिव्ह बटनानं वजा केले की. बिघडत होतं ते फक्त मोठ्या ओहमचं. आता फर्मवेअर बिघडलं असतं तर त्याला काय माहीत बाहेर दुपार झाली म्हणून? त्याचा हिशोब सकाळी चुकला असता तर दुपारी पण तेवढाच चुकला असता.

१० मेगाचे ९.६ कसे होतात तर त्याला समांतर कुठून तरी २४० मेगाओहमची गळती बसली की झालं, १० गुणिले २४० भागिले २५०, बरोबर ९.६. अन् २४० मेगाओहम म्हणजे काही वायर लागत नाही, बोर्डावरची ओलसर घाण पुरते. मीटरचं मागचं झाकण काढलं. लीडच्या सॉकेटपाशी, फ्यूजच्या क्लिपच्या बुडाशी, पिवळट काचेसारखा थर, वरून धूळ बसलेली. फ्लक्स, सोल्डर करताना लावतात तो चिकट पदार्थ. अन् तो सोडणारा मीच, दोन वर्षांआधी ती क्लिप ढिली झाली होती तेव्हा मी परत सोल्डर केली होती अन् साफ न करता झाकण लावून दिलं होतं. कोरड्या हवेत हा थर काही त्रास देत नाही, कूलरची ओली हवा लागली की पाणी धरतो अन् गळायला लागतो. एक गंमत करून पाहिली, झाकण उघडं ठेवून त्या जागेवर तोंडानं नुसती वाफ सोडली, आकडा ९.१ वर गेला अन् हळूहळू वर चढत परत आला. डोळ्यासमोर चोर सापडला म्हणतात तसं.

साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल अन् जुना टूथब्रश, दोन-तीनदा, दरवेळी कपड्यानं टिपून घ्यायचं, नाहीतर फ्लक्स पातळ होऊन आणखी पसरतो, अन् वाळायला तासभर द्यायचा. सेल काढून अन् लीडा काढून, हे सांगायची गरज नसावी पण सांगतो. पेट्रोल, थिनर असलं काही लावू नका, स्क्रीनचं प्लास्टिक खातं.

याच्याच पोटात एक दुसरी चूक, ती सगळेच करतात. रेझिस्टरची दोन्ही टोकं बोटांनी धरून मोजायचं. १ किलोला काही फरक नाही पडत, पण मेगामध्ये आपलं शरीरच समांतर लागतं, अन् मे महिन्यात घामानं ओले हात म्हणजे विचारूच नका. मोठा रेझिस्टर मोजताना मगर-चिमटे लावा अन् हात मागं घ्या.

आता नॉबची गोष्ट. नॉबला हात लागला की आकडा उडतो ही तक्रार ज्याची आहे त्यानं फर्मवेअरचा विचार सुद्धा करू नये, ती शंभर टक्के संपर्काची भानगड आहे. नॉबच्या खाली बोर्डावर गोल गोल पट्ट्या असतात, सोन्याचा पातळ मुलामा दिलेल्या, अन् नॉबच्या बुडाला पितळेच्या नाहीतर तसल्याच धातूच्या बारीक स्प्रिंगा, त्या पट्ट्यांवर घासत फिरतात. माझ्या मीटरच्या व्होल्ट अन् ओहमच्या जागी, म्हणजे नॉब जिथं रोज थांबतो तिथं, पट्टीवर करडा काळा चिखल. कंपनीनं लावलेलं ग्रीस अन् आपली नागपूरची धूळ, दोघांनी मिळून बनवलेला. अँपिअरच्या जागी मात्र पट्टी नवीनच्या नवीन, कारण अँपिअरसाठी मी क्लॅम्प मीटर वापरतो. इअरबड अल्कोहोलमध्ये भिजवून पुसलं, पहिला बड काळा, दुसरा करडा, चौथा पांढरा निघाला तेव्हा थांबलो. खोडरबरानं घासायचा मोह होतो, करू नका, सोन्याचा मुलामा निघून जातो अन् मग खालचं तांबं दर पावसाळ्यात काळं पडतं. स्प्रिंगा उचलून ठेवताना कोणती कुठली ते आधी फोटो काढून ठेवा, एक जरी उलटी बसली तर एखादी रेंजच गायब होते, अन् मग फर्मवेअरला शिव्या घालायला परत मोकळे.

ज्याला झाकण उघडायचं नाही त्यानं नॉब वीस-पंचवीसदा पूर्ण फिरवून पाहावा. तेवढ्यानं रीडिंग सुधारलं तर दुखणं तेच, फक्त ते महिनाभरात परत येईल.

तिसरी तक्रार, बॅटरीचं व्होल्टेज दुपारी कमी दाखवतो. याच्यात मी सगळ्यात जास्त भैताडपणा केला. बेस्याला एका सरांकडं इन्व्हर्टर बसवलेला आहे, सकाळी चार्जिंगचं फ्लोट व्होल्टेज (भरलेली बॅटरी भरलेलीच ठेवायला सतत दिलेलं) १३.६१ मोजलं, दुपारी परत गेलो तर १३.३६. पाव व्होल्टाचा फरक, मी सरांसमोर मीटर आपटायचाच बाकी होतो. अन् मीटर खरं बोलून राहिला होता. त्या इन्व्हर्टरमध्ये तापमान पाहून चार्जिंग कमी-जास्त करायची सोय आहे. लेड ॲसिड बॅटरीला गरमीत फ्लोट व्होल्टेज कमी लागतं, साधारण एका सेलमागं एका अंशाला ३ मिलिव्होल्ट, १२ व्होल्टाच्या बॅटरीत सहा सेल म्हणजे १८ मिलिव्होल्ट. २५ अंशाला १३.७ धरलं तर ३० अंशाला १३.६१ अन् ४४ अंशाला १३.३६. कागदावर मांडलं अन् दोन्ही आकडे जसेच्या तसे आले. सरांचा जिना पश्चिमेकडं तोंड करून आहे, बॅटरी तिथंच, दुपारी तिथं उभं राहवत नाही. मोजतो ती वस्तूच दिवसभर एकसारखी राहत नसेल तर मीटरनं काय करावं. म्हणून म्हणतो मीटरवर शंका आली की मोजायची वस्तू न बदलणारी घ्या, रेफरन्स घ्या, बॅटरीवर मीटर तपासू नका.

इथं एक हिशोब सगळ्यांनी एकदा तरी करून पाहावा, मीटरच्या पुस्तिकेत मागच्या पानांवर लिहिलेला असतो अन् कोणी वाचत नाही. समजा डीसी व्होल्टला अचूकता दिलीय, रीडिंगच्या ०.५ टक्के अधिक ३ आकडे. १२.६८ व्होल्टवर ०.५ टक्के म्हणजे ०.०६३ अन् ३ आकडे म्हणजे ०.०३, मिळून ०.०९ च्या थोडं वर. म्हणजे १२.५९ पासून १२.७७ पर्यंत काहीही दाखवलं तरी मीटर चांगला. अन् ही हमी कुठल्या तापमानाला, तर १८ ते २८ अंश. २८ च्या वर प्रत्येक अंशाला त्या अचूकतेच्या ०.१ पट अजून जोडायचं, असं बहुतेक पुस्तिकांत असतं. माझी खोली कूलर बंद असला की ४३ वर, म्हणजे १५ अंश जास्त, म्हणजे ०.०९ ची दीडपट, ०.१४ अजून. एकूण ०.२३ व्होल्ट. लेड ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली १२.७ च्या आसपास अन् अर्धी उतरलेली १२.२ च्या आसपास असते, म्हणजे त्या अर्ध्या बॅटरीच्या फरकातला जवळपास अर्धा हिस्सा मीटरची सवलतच खाऊन टाकते. कंपनी आपली हमी २३ अंशाच्या भोवती देते, अन् आपण मे महिन्यात नागपुरात २३ अंश फक्त एसीच्या रिमोटवर पाहतो. बॅटरीच्या वॉरंटीवरून गिऱ्हाईक अन् दुकानदार ०.०५ व्होल्टासाठी भांडतात तेव्हा मला हे आठवतं, मध्ये पडत नाही मी.

प्रत्यक्षात चांगला मीटर एवढा हलत नाही, माझा रेफरन्सवर दुपारी जेमतेम दोन-तीन आकडे हलला. पण कागदावर कंपनीची जबाबदारी तेवढीच.

दोन मीटर लावून तुलना करणाऱ्यांसाठी पण एक खड्डा आहे. पोट्ट्याकडं तो पिवळा ८३० मीटर आहे, सगळ्यांकडंच असतो. चार्ज कंट्रोलरच्या बोर्डावर बॅटरीचं व्होल्टेज मोजायला १ मेगा अन् १ मेगाचं डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज वाटून घेणारे दोन रेझिस्टर, होतं, १२ व्होल्टवर मधे ६ पाहिजे. माझ्या मीटरनं ५.७१ दाखवलं, त्याच्या पिवळ्यानं ४.००. पोट्टा म्हणे पाहा, तुमचा मीटर गेला. मी म्हटलं बाबू, मग तुझा तर पार गेला. खरं म्हणजे दोघंही बरोबर. माझ्या मीटरचा स्वतःचा इनपुट रेझिस्टन्स १० मेगाओहमचा, पिवळ्याचा १ मेगाचा, मीटर लावला की तो स्वतःच खालच्या रेझिस्टरला समांतर बसतो अन् व्होल्टेज ओढून खाली आणतो. मीटर काढला की तिथं ६ च असतं. हे कुठल्याही फर्मवेअरनं सुधारत नाही. उलटं पण होतं, कुठंच न जोडलेल्या मोकळ्या वायरवर १० मेगावाला मीटर ४०-५० व्होल्ट एसी दाखवतो, ते बाजूच्या चालू वायरवरून आलेलं भुताचं व्होल्टेज, कमी इम्पीडन्सची (मीटर स्वतः जास्त करंट ओढतो ती) रेंज असेल तर त्यावर टाका, गायब होईल.

पिवळ्या मीटरवरून आणखी एक. त्यात ९ व्होल्टची बॅटरी उतरली की रीडिंग वाढतं, कमी होत नाही, हे पुष्कळांना उलटं वाटतं. आतली ७१०६ जातीची चिप आलेल्या व्होल्टेजला स्वतःच्या रेफरन्सनं भागून आकडा काढते, रेफरन्स खाली आला की भागाकार वर जातो. एकदा त्या मीटरनं १२.६ ची बॅटरी १३.४ दाखवली होती अन् पोट्टा खुश, म्हणे बॅटरी मस्त चार्ज झाली.

आता फर्मवेअर, ज्याच्यासाठी तुम्ही इथपर्यंत आलात.

सगळ्यात आधी बघा तुमच्या मीटरमध्ये अपडेट करण्यासारखं काही आहे का. पिवळ्या मीटरमध्ये तर फर्मवेअरच नाही, ती चिप नुसतं सर्किट आहे. साध्या ऑटोरेंज मीटरांत प्रोग्राम असतो पण तो चिपमध्ये कारखान्यातच पक्का केलेला, बदलता येत नाही. बदलता येतो तो काही ब्लूटूथवाल्या, यूएसबीवाल्या नाहीतर मेमरी कार्डवाल्या मीटरांत, अन् मोठ्या, टेबलावर ठेवायच्या बेंच मीटरांत. अन् पुष्कळदा अपडेट झालेला असतो तो मोबाईलमधला ॲप, मीटर जसाच्या तसा. मीटरच्या स्क्रीनवरचा आकडा बरोबर अन् ॲपमधला चुकीचा असेल तर भानगड ॲपची, मीटर उघडू नका.

दुसरं, कॅलिब्रेशनचे, म्हणजे मीटरनं बरोबर दाखवावं म्हणून करायच्या दुरुस्तीचे, आकडे फर्मवेअरपासून वेगळे ठेवलेले असतात, पुष्कळ हँड मीटरांत २४सी०२ सारख्या आठ पायांच्या छोट्या मेमरी चिपमध्ये. प्रत्येक रेंजचा आपापला आकडा. नीट बनवलेला अपडेट त्याला हात लावत नाही. लावला, किंवा अर्ध्यात लाईट गेली अन् ती मेमरी खराब झाली, तर चूक कशी दिसेल ते ओळखता येतं. रेंज हातानं ६० वर अडकवा अन् रेफरन्सचे चारही व्होल्ट मोजा. २.५२, ५.०४, ७.५६, १०.०८ आलं तर चूक प्रमाणात आहे, ०.८ टक्के सगळीकडं, म्हणजे गेनचा (गुणाकाराचा) आकडा नाहीतर रेफरन्स हलला. २.५३, ५.०३, ७.५३, १०.०३ आलं तर चूक सगळीकडं सारखी, म्हणजे शून्यच सरकलं, लीड शॉर्ट करून पाहा, तिथं पण ०.०३ दिसेल. मग ऑटोवर टाका. माझ्यासारख्या ६००० काउंटच्या मीटरमध्ये २.५ अन् ५ व्होल्ट ६ च्या रेंजमध्ये मोजले जातात अन् ७.५ अन् १० हे ६० च्या रेंजमध्ये. पहिले दोन चोख अन् नंतरचे दोन चुकीचे आले तर एकाच रेंजचा आकडा गेलाय, अन् तेव्हा मात्र अपडेटवर शंका घ्यायला जागा आहे, खास करून तीच चूक सकाळ, दुपार, रात्र तेवढीच राहत असेल तर. दर वेळी वेगळी चूक आली तर परत नॉब, लीड अन् सेल. लीड पिनच्या बुडाशी आतल्या आत तुटते, वरून रबर साबूत, लीड शॉर्ट करून ओहमवर ठेवा अन् बुडाशी हलवा, लगेच कळतं.

माझ्या मीटरमध्ये अपडेटनं खरंच बदललेली गोष्ट म्हणजे आकडा स्थिर व्हायला लागणारा वेळ. नवीन फर्मवेअर जास्त रीडिंगांची सरासरी काढून मग दाखवते, शेवटचा आकडा आता नाचत नाही, दिसायला फार सुंदर, पण प्रोब लावल्यावर दोन सेकंद थांबावं लागतं. बीप पण त्याच्यामुळंच उशिरा. पुरावा असा मिळाला की मार्चमध्ये एका गिऱ्हाईकाला पाठवलेला व्हिडिओ मोबाईलमध्ये होता, त्यात हाच मीटर, प्रोब टेकवला की बीप तात्काळ. परत तसाच व्हिडिओ काढला अन् दोन्ही एकामागं एक लावून पाहिले, फरक कानाला कळतो. बोर्डावर भराभर ट्रॅक (तांब्याच्या रेघा) तपासताना अर्धा सेकंद टेकवून समोर गेलं तर चांगला ट्रॅक पण तुटलेला समजून बसाल, माझे दोन बोर्ड असेच विनाकारण जम्पर लावून गेले. कंपनीला लिहिलंय. उत्तर आलं की आपला अभिप्राय संबंधित विभागाकडं पाठवला आहे.

ज्यांना अपडेट मारायचाच आहे त्यांनी निदान आधी एक पान लिहून काढा, आताचं व्हर्जन, अन् रेफरन्सवरची, रेझिस्टरवरची रीडिंगं, दुपारची असतील तर दुपारची असं लिहून. मग अपडेट, मग तीच रीडिंगं त्याच वेळेला. मीटरमध्ये नवीन सेल, मोबाईल अर्ध्याच्या वर चार्ज, लीडा काढलेल्या. लाईट जायच्या दिवसांत प्लगवर चालणाऱ्या बेंच मीटरला यूपीएसवर ठेवूनच हात लावा. नवीन फर्मवेअरमध्ये काय बदललं ते कंपनीनं लिहिलेलं असतं, ते वाचा, तुमच्या कामाचं नसेल तर सोडून द्या, मीटर म्हणजे मोबाईल नाही की जुना राहिला तर बँकेचं ॲप बंद पडेल.

बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत जे काम करतात, ज्यांच्या मीटरवर कॅलिब्रेशनचं स्टिकर असतं, त्यांनी स्वतःच्या मनानं अपडेट मारूच नये. एनएबीएल, म्हणजे लॅबना मान्यता देणारं मंडळ, त्याच्या मान्यतेच्या लॅबचं सर्टिफिकेट म्हणजे त्या दिवशी तो मीटर जसा होता त्याचा दाखला, आतला प्रोग्राम बदलल्यावर ऑडिटवाल्यानं विचारलं तर तोंड कुठं लपवणार. आधी लॅबला विचारा.

अन् ही एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका. अपडेटनंतर पहिल्यांदा मेनवर काम करण्याआधी मीटर चालू असलेल्या सॉकेटवर लावून २३०-२४० दाखवतो का ते पाहा, मग बंद केलेल्या लाइनवर शून्य पाहा, मग परत चालू सॉकेटवर. शून्य दिसलं म्हणजे लाइन मेली असं नाही, मीटर मेला असेल, होल्डचं बटन दाबलं गेलं असेल, लीड तुटली असेल. हे मी अपडेट नसला तरी करतो.

सध्याची परिस्थिती अशी. कूलर त्याच खिडकीत आहे, दुसरी खिडकीच नाही, पण त्याच्या जाळीच्या पट्ट्या वर करून हवा भिंतीवर मारतो. मीटर काम नसताना स्टीलच्या पोह्याच्या डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या चार पुड्या, आई दोनदा ओरडली की डबा परत दे. काल दुपारी अडीचला, आर्द्रता ६६, १० मेगाओहम १०.०१. नॉब हलवला, आकडा जागचा हलला नाही. ट्रॅक तपासायला मात्र आता पोट्ट्याचा पिवळा मीटरच घेतो, त्याचा बीप लगेच वाजतो, अन् पोट्टा दरवेळी माझ्याकडं पाहून दात काढतो.